न दिसणारे गाव : ‘फॉल्टी टॉवर्स’ आणि टॉर्कीची कीर्ती

विनोदाची चर्चा करताना मराठी समीक्षेने शब्दनिष्ठ, स्वभावनिष्ठ आणि प्रसंगनिष्ठ ही वर्गवारी दीर्घकाळ वापरली आहे. दूरचित्रवाणीवरील ‘सिच्युएशन कॉमेडी’ला आपण ‘प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका’ म्हणतो, ते याच वर्गवारीच्या आधारे. संज्ञा सोयीची आहे; परंतु तिच्यात मूळ शब्दाची एक अर्थच्छटा गळून पडते. इंग्रजीत ‘सिच्युएशन’ म्हणजे प्रसंग, आणि एखाद्या वास्तूचे ठिकाण, तिची भूमीवरील बैठक, असाही अर्थ होतो. जुन्या हॉटेलांच्या जाहिरातींत तो या दुसऱ्या अर्थानेच योजला जाई. या मालिकाप्रकारात दर आठवड्याला प्रसंग नवा असतो. मात्र तीच माणसे त्याच चार भिंतींत पुन्हा अडकलेली असतात. ठिकाण हे येथे केवळ नेपथ्य नसते, ती विनोदाची पूर्वअट असते. मराठी संज्ञेने प्रसंग राखला आणि ठिकाण सोडले, असे म्हणता येईल.

हे ठिकाण कसे घडते आणि त्याला कीर्ती कोणत्या वाटेने मिळते, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे येथे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे बीबीसीची ‘फॉल्टी टॉवर्स’ ही मालिका. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या त्या वेळच्या दांपत्याने लिहिलेल्या या मालिकेचे पहिले सहा भाग १९७५ साली आणि दुसरे सहा १९७९ साली प्रक्षेपित झाले. दरम्यान १९७८ मध्ये लेखक-लेखिकेचा घटस्फोट झाला होता. एकूण भाग अवघे बारा. तरी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली शंभर श्रेष्ठ ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमांची यादी केली, तेव्हा पहिले स्थान या मालिकेला मिळाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील डेव्हन परगण्यातील टॉर्की हे तिचे कथास्थळ. या गावाचे नाव उच्चारताच आज जगभरच्या कित्येकांना बेझिल फॉल्टी हा उर्मट, भित्रा आणि प्रतिष्ठेसाठी झुरणारा हॉटेलमालक आठवतो. मालिकेचे चित्रीकरण मात्र टॉर्कीत झालेले नाही. ज्या गावाला चित्रमाध्यमाने प्रसिद्धी दिली त्या गावाचे चित्रच त्या माध्यमात नाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

टॉर्की हे काही अनाम खेडे नव्हते. एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांना आणि सधन विश्रांतिप्रेमींना मानवणारे सौम्य हवामान ही त्याची ख्याती. रेल्वे आल्यावर ती वाढली आणि ‘इंग्लिश रिव्हिएरा’ हे बिरुद गावाने अभिमानाने मिरविले. साहित्येतिहासातही त्याची नोंद आहे. एलिझाबेथ बॅरेट ही कवयित्री प्रकृतीसाठी येथे राहिली आणि १८४० साली तिचा भाऊ याच उपसागरात बुडाला. ‘अरेबियन नाइट्स’चा अनुवादक रिचर्ड बर्टन १८२१ मध्ये येथे जन्मला. पुढे मुंबईच्या सैन्यात येऊन तो इतर भाषांबरोबर मराठीचीही परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८५१ मध्ये त्याने गोव्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. उलट, मुंबईत जन्मलेला किपलिंग १८९६-९७ मध्ये टॉर्कीजवळ मेडनकूम येथे राहून पाहिला आणि त्या घरातील उदास छायेला कंटाळून निघून गेला. ॲगाथा ख्रिस्ती तर या गावचीच. तिचा जन्म १८९० चा. ख्रिस्तीचा अपवाद सोडता यांपैकी कोणाचेही नाव सर्वसामान्य वाचकाच्या मनात टॉर्कीशी जोडलेले नाही. बर्टनचे जन्मगाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? लेखक एखाद्या गावी जन्मला किंवा राहिला, एवढ्याने ते गाव साहित्यात येत नाही. संहितेच्या अर्थनिर्मितीत त्याला काही काम असावे लागते.

मालिकेत टॉर्कीला असे कोणते काम आहे ते पाहण्यापूर्वी तिचे प्रत्यक्ष भूगोल नोंदविणे आवश्यक आहे. शीर्षकाच्या वेळी दिसणारी पांढरी, ऐसपैस वास्तू हे बकिंगहॅमशरमधील वुबर्न ग्रेंज नावाचे घर होते. तेथून समुद्र कोसो दूर. पुढे १९९१ मध्ये आग लागून ते नष्ट झाले. आतील दालने लंडनच्या बीबीसी टेलिव्हिजन सेंटरमध्ये उभारली होती. बंद पडलेल्या मोटारीला बेझिल झाडाच्या फांदीने झोडपतो, तो सर्वपरिचित प्रसंग लंडनच्या वायव्येकडील हॅरो भागातल्या एका रस्त्यावर चित्रित झाला. दारातील फलकावरची अक्षरे बहुतेक भागांत निखळलेली किंवा कोणी खोडसाळपणे उलटसुलट केलेली दिसतात. त्या फलकाकडे प्रस्तुत लेखक केवळ गंमत म्हणून पाहू शकत नाही. ही वास्तू आपले नावसुद्धा धड धरून ठेवू शकत नाही, हे प्रेक्षकाला आरंभीच सांगितले जाते. गाव दिसत नाही, घर दुसरीकडचे आणि नाव ढळलेले, अशा तिहेरी अभावावर मालिकेचे स्थळ उभे आहे.

तरीही टॉर्की तेथे सतत असते, आणि ते असते भाषेत. १९७९ च्या दुसऱ्या मालिकेतील पहिल्या भागात मिसेस रिचर्ड्स ही कानाने अधू आणि स्वभावाने खट वृद्धा खोलीतून दिसणाऱ्या देखाव्याविषयी तक्रार करते. पैसे मोजले त्या मानाने समुद्र पुरेसा दिसत नाही, असे तिचे म्हणणे. बेझिल शेवटी समुद्र जमीन आणि आकाश यांच्या मध्ये असल्याचे तिला समजावतो. त्याआधी टॉर्कीच्या हॉटेलातून तिला आणखी काय दिसावयास हवे होते असे विचारून तो सिडनीचे ऑपेरा हाउस, बॅबिलोनचे झुलते बगीचे आणि आफ्रिकेतील धावते कळप अशी यादी करतो. हा उपहास वृद्धेवर आहे, हे उघड आहे. परंतु तो ज्या गावाने स्वतःला ‘रिव्हिएरा’ म्हणविले त्या गावाच्या उपमावृत्तीवरही आहे. परकीय उपमानाने स्वतःची ओळख करून देणाऱ्या स्थळाकडून पाहुण्याने जगातील सर्व आश्चर्यांची अपेक्षा का करू नये? आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर उपमेयाने उपमानाचा भार अंगावर घेतला की न्यूनता उपमेयाच्याच पदरी येते. टॉर्की या प्रसंगात केवळ एक नाव आणि एक अपुरे राहिलेले आश्वासन म्हणून येते, आणि विनोदाला तेवढे पुरते.

बेझिलचे सारे वर्तन या आश्वासनाशी बांधलेले आहे. पहिल्याच भागात तो वरच्या वर्गातील पाहुणे मिळावेत म्हणून प्रतिष्ठित नियतकालिकात जाहिरात देतो आणि लॉर्ड मेलबरी असे नाव सांगणाऱ्या भामट्यापुढे लोटांगण घालतो. उमराव म्हटल्यावर त्याची वाणी मधाळ होते, आणि साध्या पाहुण्यांना तो झिडकारतो. हा स्वभावनिष्ठ विनोद खराच; परंतु तो याच काळात आणि याच किनाऱ्यावर इतका टोकदार का होतो, याचे उत्तर बेझिलच्या स्वभावात सापडत नाही. १९६० नंतर स्वस्त विमानप्रवासाच्या सहली निघू लागल्या आणि इंग्लंडमधील मध्यम व कामकरी वर्ग सुटीसाठी स्पेनच्या किनाऱ्याकडे वळला. खरे ऊन विकत मिळू लागल्यावर ‘इंग्लिश रिव्हिएरा’ या शब्दांतील विशेषण उघडे पडले. मालिकेत याचा स्पष्ट उच्चार जवळजवळ नाही. पण तिच्या पात्ररचनेत तो कोरलेला आहे. इंग्रज पाहुणा स्पेनला चालला आहे आणि बार्सिलोनाचा मॅन्युएल टॉर्कीत थाळ्या उचलतो आहे. मॅन्युएलला येणारे मोडके इंग्रजी आणि बेझिलला येत असल्याचा त्याचा गैरसमज असलेले स्पॅनिश यांतून जो गोंधळ उडतो, तो वरवर भाषिक आहे. त्याच्या तळाशी पर्यटनाच्या उलटलेल्या प्रवाहाचा राग आहे. बेझिल मॅन्युएलला मारतो तेव्हा तो आपल्या धंद्याच्या प्रतिस्पर्ध्यालाच मारत असतो, असे मला वाटते. हे विधान कोणी अतिव्याप्त मानील. परंतु वेटर इटलीचा किंवा पोर्तुगालचा न करता लेखकांनी तो स्पेनचाच केला, याला अर्थ आहे.

‘वॉल्डॉर्फ सॅलड’ या भागात पावसातून मोटार हाकत लंडनहून आलेला अमेरिकन पाहुणा याच ताणाचे दुसरे टोक दाखवितो. तो सरळ तक्रार करतो. जेवणघरातील इंग्रज पाहुण्यांना मात्र मनात नसतानाही ‘छान आहे’ म्हणावयाची सवय. त्याच्या आधाराने त्यांची तोंडे एकदा उघडतात आणि मग थांबत नाहीत. ढासळत्या स्थळाला इतकी वर्षे ग्राहकांच्या सौजन्याने सावरून धरले होते, हे तेथे कळते.

भारतीय वाचकाला या हॉटेलात आणखी एक ओळखीची व्यक्ती भेटते. मेजर गोवेन हा कायमचा रहिवासी, वृत्तपत्र आणि क्रिकेटच्या गुणसंख्येत रमलेला. साम्राज्याच्या सेवेतून परतलेल्यांना दक्षिण किनाऱ्यावरील अशा गावांनी आश्रय दिला होता. मेजर त्यांचा विसराळू प्रतिनिधी. ‘द जर्मन्स’ या १९७५ च्या भागात तो एका स्त्रीला भारताचा क्रिकेट सामना पाहावयास नेल्याची आठवण सांगतो. तिने भारतीयांना जी शिवी वापरली ती वेस्ट इंडियन लोकांची आहे, भारतीयांसाठी वेगळी शिवी आहे, अशी त्याने तिची दुरुस्ती केली होती. जून २०२० मध्ये हा भाग एका प्रसारण-सेवेवरून काढण्यात आला आणि थोड्याच दिवसांत पूर्वसूचनेसह परत ठेवण्यात आला. येथे हसणे मेजरला आहे, त्याच्या मतांना पाठिंबा म्हणून नाही, ही क्लीझ यांची भूमिका. ती मला बऱ्याच अंशी पटते. कारण तिरस्काराचेही काटेकोर वर्गीकरण करणारी वसाहतवादी विद्वत्ता या दोन वाक्यांत जशी उघडी पडते, तशी ती पोथीबंद विवेचनात क्वचितच पडते. पूर्णतः मात्र पटत नाही. ज्याच्यासाठी ती शिवी आहे त्याला ते ऐकताना हसण्यापूर्वी एक क्षण थांबावे लागते, आणि त्या क्षणाची गणना मालिकेच्या संहितेत कोठेही केलेली नाही.

स्थळ हे संहितेचे आंतरिक अंग आहे, या म्हणण्याला पडताळा रूपांतरांतून मिळतो. अमेरिकेत १९८३ मध्ये ‘अमांडाज’ आणि १९९९ मध्ये ‘पेन’ या मालिकांनी हे हॉटेल कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हलविले. दोन्ही अल्पायुषी ठरल्या. जर्मनीत २००१ साली सिल्ट बेटावर कल्पिलेले रूपांतरही मूळ धरू शकले नाही. कॅलिफोर्नियात खरोखरच ऊन आहे. तेथे मालक उर्मट असला तर तो केवळ उर्मट ठरतो, त्याच्यामागे फसलेल्या गावाची लाज नसते. याउलट भाषांतराचे पाहा. स्पॅनिश ध्वनिमुद्रणात मॅन्युएलला इटलीचा केले गेले, कातालान रूपात तो मेक्सिकोचा झाला. वेटरचे मूळ गाव भाषेगणिक बदलले, हॉटेलचे गाव टॉर्कीच राहिले. माझ्या विवेचनाला अडचणीची ठरणारी एक गोष्टही नोंदवावयास हवी. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९९७ साली सुरू झालेला, प्रेक्षकांना जेवू घालत या पात्रांच्या करामती दाखविणारा प्रयोग नंतर अनेक देशांत चालला. तेथे गावाची गरज भासली नाही, असे दिसते. तथापि त्या प्रयोगातील प्रेक्षक टॉर्की सोबत घेऊनच येतो; मालिका त्याने आधी पाहिलेली असते.

हे स्थळघटित कोणत्या जातीचे आहे, हे तुलनेने अधिक स्पष्ट होते. आपल्याकडे आर. के. नारायण यांचे मालगुडी १९३५ पासून केवळ कादंबरी-कथांत होते. शंकर नाग यांनी पुढे ‘मालगुडी डेज’ दूरदर्शनसाठी कर्नाटकातील आगुंबे येथे चित्रित केली आणि नकाशात नसलेल्या गावाला एक खरे गाव लाभले. पु. ल. देशपांडे यांची १९५८ ची ‘बटाट्याची चाळ’ गिरगावातली. वाचकाला गिरगाव आधीच ठाऊक असल्याने चाळ शोधण्याची गरजच पडत नाही, तशा चाळी त्याने पाहिलेल्या, बहुधा भोगलेल्या असतात. इंग्लंडमध्येच वेस्ट यॉर्कशरमधील होमफर्थ हे तिसरे उदाहरण. रॉय क्लार्क यांची ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ ही म्हाताऱ्या मित्रांची मालिका १९७३ पासून २०१० पर्यंत तेथील गल्ल्यांत आणि टेकड्यांवर चित्रित होत राहिली. गिरणी-व्यवसाय ओसरलेल्या त्या गावी प्रेक्षक बस भरभरून आले, मालिकेतल्या पायऱ्यांवर उभे राहिले, उपाहारगृहात चहा प्याले. तेथे पडद्यावरचे आणि भूमीवरचे ठिकाण एकच असल्याने पाहणे हीच यात्रा होती. टॉर्कीला जाणाऱ्या ‘फॉल्टी’-भक्ताला मात्र पाहावयास काहीच नव्हते. म्हणून तो शोधू लागला मूळ हॉटेल, आणि हॉटेलामागचा मूळ माणूस.

या शोधाची किंमत एका माणसाने चुकती केली. मे १९७० मध्ये मॉन्टी पायथन मंडळी चित्रीकरणासाठी टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती. मालक डोनाल्ड सिंक्लेअर यांनी टेरी गिलियम यांच्या काटा-सुरी धरण्याच्या अमेरिकन पद्धतीवर टीका केली, आणि एरिक आयडल यांच्या बॅगेत बॉम्ब असेल या शंकेने ती बाहेर नेऊन ठेवली. इतर मंडळी दुसऱ्या हॉटेलात गेली. क्लीझ राहिले, बूथही तेथे आल्या. लेखकाची दृष्टी तिथे लागली, यात संशय नाही. १९७१ मध्ये ‘डॉक्टर ॲट लार्ज’ या मालिकेच्या एका भागात क्लीझ यांनी अशा हॉटेलमालकाचा पहिला आराखडा वापरून पाहिला आणि चार वर्षांनी बेझिल अवतरला. आजवर सांगितल्या जाणाऱ्या साऱ्या कथा अर्थात पाहुण्यांच्या, आणि तेही व्यवसायाने विनोदकार असलेल्या पाहुण्यांच्या आहेत. सिंक्लेअर १९८१ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीने पुढे वृत्तपत्रांजवळ या चित्रणाविरुद्ध तक्रार केली; काही जुन्या कर्मचाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी मात्र विनोदकारांच्याच बाजूने साक्ष दिली.

कोण खरे, हा निवाडा समीक्षेच्या कक्षेतला नाही. समीक्षेने पाहावयाचे आहे ते असे. मालिकेत बेझिल आपल्या युद्धपराक्रमाच्या गोष्टी सांगतो आणि सिबिल त्या पोकळ ठरविते; तो सैन्याच्या भटारखान्यात होता. सिंक्लेअर हे शाही नौदलाचे अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पायाखालची जहाजे एकाहून अधिक वेळा पाणतीरांनी बुडाली आणि ते वाचले. म्हणजे लेखकांनी त्या व्यक्तीपासून उर्मटपणा घेतला आणि त्याला कारण असू शकणारे आयुष्य वगळले. कलाकृतीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. खरे युद्ध आत आले असते तर बेझिलचा भित्रेपणा टिकला नसता, विनोद करुणेकडे झुकला असता. लेखकाला हा अधिकार असतो. परंतु कीर्तीने पुढे उलटा व्यवहार केला. वगळलेले आयुष्य असलेल्या माणसावर तिने पात्राचे पोकळ आयुष्य चढविले आणि गावाला भेट देणाऱ्यांना हाच तो म्हणून सांगितले. आपल्या चरित्रात्मक समीक्षेतही मूळ व्यक्ती शोधण्याची हौस मोठी आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील कोण कोणावरून बेतला, याचा शोध घेण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या असतील. पात्राकडून व्यक्तीकडे उलट चालत जाणे हे वाचन नव्हे, हे आपण वर्गात सांगतो. टॉर्कीच्या बाबतीत ती उलटी वाट जवळजवळ पर्यटनाचा मार्ग झाली, कारण दुसरे काही दाखविण्याजोगे नव्हते.

होमफर्थने याच्या नेमके विरुद्ध घडविले. तेथील मालिकेत फाटक्या कपड्यांतला कॉम्पो रंगविणारा बिल ओवेन लंडनचा; चित्रीकरणासाठी येत राहता राहता तो त्या दरीत इतका गुंतला की १९९९ मध्ये त्याच्या निधनानंतर इच्छेप्रमाणे त्याचे दफन शेजारच्या अपरथाँग येथील चर्चच्या आवारात झाले. पीटर सॅलिस २०१७ मध्ये वारल्यावर त्यालाही त्याच्याजवळच जागा मिळाली. नटांनी पात्रांच्या गावी आपली माती शोधली. ग्लेनईगल्सने गावच्या माणसाला पात्रात हरवू दिले.

त्या हॉटेलची पुढील कथा लहानशी आहे. २००६ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा समारंभाला सिबिलची भूमिका करणाऱ्या प्रुनेला स्केल्स आल्या होत्या. २०१५ मध्ये ते बंद झाले आणि नंतर पाडले गेले. त्या जागी निवृत्तांसाठी सदनिका उभ्या राहिल्या; मिस टिब्स, मिस गॅट्सबी आणि मेजर यांच्यासारख्या कायमच्या रहिवाशांनी अखेर ती जागा जिंकली असे वाटून हसू येते. इमारतीला नाव द्यावयाचे झाले तेव्हा ते सिंक्लेअर यांचे दिले गेले नाही, फॉल्टीचेही नाही. तिचे नाव आहे ‘सॅक्स लॉज’, मॅन्युएल साकारणाऱ्या अँड्र्यू सॅक्स यांच्यावरून. ते बार्सिलोनाचे नव्हते आणि टॉर्कीचेही नव्हते. १९३० मध्ये बर्लिनमध्ये ज्यू पित्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला आणि नाझी राजवटीपासून जीव वाचवून त्यांचे कुटुंब इंग्लंडला आले, तेव्हा ते आठ वर्षांचे होते.